गाडीचे प्रश्न : शेवटच्या भरवशाच्या मोटारी कोणत्या?

प्रश्न : जुनी पेट्रोल गाडी घ्यायची आहे. रोजचा वापर गावातला, अधूनमधून गगनबावड्यातून करूळ घाटानं खाली कोकणात. लोक म्हणतात, जुन्या गाड्यांसारख्या गाड्या आता होत नाहीत. मग नेमकी कुठल्या सालापर्यंतची घ्यावी? (एक वाचक, कागल)

उत्तर : साधारण २००० ते २०१० या दहा वर्षांतल्या, पहिल्या पिढीच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) पेट्रोल गाड्या. आमचं मत या बाबतीत ठाम आहे. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर कुठंही दुरुस्त होते हे खरं, पण तिला दुरुस्ती लागतेही सारखी. पॉइंटची गॅप, कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग, ग्रीसिंग यातलं काही चुकलं की पावसाळ्यात सकाळी स्टार्टिंगचा त्रास ठरलेला. एमपीएफआय आल्यावर ही कटकट संपली आणि नवी कटकट अजून सुरू झाली नव्हती. एक ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), मोजके सेन्सर. बाकी अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, गिअर सगळं केबल आणि लिंकेजवर. पुढच्या गाड्यांत दिव्यापासून दरवाजाच्या लॉकपर्यंत प्रत्येक गोष्ट इलेक्ट्रॉनिक मोड्यूलवर गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत ब्लॉकला बोअर मारून मिळतं, क्रँक ग्राइंड होतो, हेड फेसिंग होतं, व्हॉल्व्ह सीट कटते. जळालेलं मोड्यूल मात्र तिथं बनत नाही. वीस वर्षांची गाडी घेताना हा फरक सगळ्यात मोठा.

यात पहिली मारुती आठशे. १९८३ च्या डिसेंबरात ती आली, इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. हेच इंजिन ओम्नीत असल्यामुळं पार्ट आजही सहज मिळतात. एक गोष्ट आपल्या कोल्हापूर भागातल्या गिऱ्हाइकाच्या फायद्याची आहे. एप्रिल २०१० मध्ये पुणे-सोलापूर धरून १३ शहरांत बीएस-४ हा धुराचा कडक नियम लागू झाला आणि तिथं आठशेची विक्री थांबली, पण कारखान्यात ती जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळं २०११-१२ सालची आठशे शोधायची तर ती पुण्यात नव्हे, इकडंच शोधा.

घाट जास्त असेल तर मात्र आठशेपेक्षा झेन किंवा एस्टीम बरी. चार माणसं आणि सामान घेऊन करूळ घाट चढताना आठशेचं इंजिन सारखं दुसऱ्या गिअरवर ओढतं. एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन तिथं निवांत चालतं. मात्र या दोन्हींचा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून एकदा जोरात हीट झालेली गाडी घेऊ नका. सँट्रोही चांगली, फक्त तिचा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर घेतल्याबरोबर बेल्ट, टेन्शनर आणि शक्यतो वॉटर पंप एकदमच बदलून घ्या, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. २००३ नंतरची आयडीएसआय होंडा सिटी इंजिनाला पक्की. तिला बेल्टऐवजी चेन आहे. पण चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग आहेत, खर्च त्या हिशेबानं धरा. शिवाय ती जमिनीला टेकून चालते. उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर तिचं ऑइल चेंबर सांभाळणं अवघड.

कुठलीही गाडी घेतलीत तरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) आहे का ते बघा. गाडी हीट होते म्हणून तो काढून टाकायची सवय बऱ्याच गॅरेजांत आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन पुरतं तापत नाही, ईसीएम समजतं इंजिन अजून थंडच आहे आणि पेट्रोल जास्त सोडत राहतं. अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, रिंगा लवकर झिजतात. हीट होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला फॅन स्विच किंवा कूलंटऐवजी भरलेलं बोअरचं पाणी असतं.

प्रश्न : आमची १९९६ ची कार्ब्युरेटरवाली आठशे अलीकडं चढाला झटके देते, पेट्रोलचा वासही येतो. इथेनॉलमुळं असेल का? (एक वाचक, राधानगरी)

उत्तर : दोन्ही लक्षणं त्याच्याशी जुळतात. आपल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रातून) येणारं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या एमपीएफआय गाडीत ईसीएम ते भरून काढतं, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जाही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के घटलं तर तो दोष इंजिनाचा नव्हे.

वास येतो ही गोष्ट आधी हाताळा, कारण त्यात आगीचा धोका आहे. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, मऊ होतं, नंतर तडकतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे होज एकदम बदला. परतीचा पाइप विसरू नका. होजवर ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेलं बघून घ्या आणि क्लिपाही नव्या लावा. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम तपासा. तो फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं, म्हणून डिपस्टिकला वास येतो का बघा. मग टाकी उतरवून धुऊन घ्या. इथेनॉल जुना गाळ सोडवतं आणि हवेतलं बाष्प ओढून घेतं. राधानगरीच्या पावसात महिनाभर अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत तळाशी पाणी साचतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. धुतल्यानंतर फिल्टर नवा बसवा आणि पाचशे किलोमीटरला पुन्हा बदला. एवढं करूनही झटके राहिले तरच मुख्य जेट एक नंबर मोठा घालून बघा, आणि नंतर प्लगचा रंग तपासा. फिकट तपकिरी हवा. पांढराफटक असेल तर मिश्रण अजून पातळच आहे.

प्रश्न : जुनी गाडी पुरात बुडालेली आहे का, इंजिन किती खपलंय, हे घेण्याआधी कसं ओळखायचं? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे दोन्ही पूर बघितलेल्या गाड्या अजून बाजारात फिरतात. शाम्पू मारलेल्या सीटवर जाऊ नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. कार्पेट उचलून खालचा नमदा हातानं दाबा. डॅशबोर्डखालचे दोन-तीन कनेक्टर सोडवून पिना बघा, हिरवा गंज दिसला तर सौदा सोडा. असे कनेक्टर एकामागून एक वर्षभर त्रास देतात आणि खराबी दर वेळी वेगळ्या जागी दिसते. स्टेपनीचा खड्डा आणि हेडलाइटच्या आतली कडही तपासा. पत्र्यावर लांबी (पुट्टी) कुठं भरलीय ते चुंबकानं कळतं.

इंजिनासाठी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन गरम हवं, बॅटरी चार्ज हवी. इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरला दाबाचं मीटर लावून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुधा त्यांच्या मधलंच गॅस्केट उडालंय.

प्रश्न : क्वालिस आजही घ्यावी का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : इंजिनासाठी घ्यावी. २४४६ सीसी, कॉमन रेल (कॉम्प्युटरवरचं डिझेल इंजेक्शन) नाही, डीपीएफ (धुराचा फिल्टर) नाही, पंप आणि नोझल डिझेल लॅबमध्ये दुरुस्त होतात. तिलाही टायमिंग बेल्ट आहे, आणि हीट झाली की हेडला क्रॅक जातो. चालू इंजिनावर रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील तर ती गाडी नको. चॅसिसचा मागचा भाग गंजलाय का, ते खाली शिरून बघा.

प्रश्न : पंधरा वर्षं पूर्ण झाली की गाडी भंगारातच जाते का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही. वयावरून सरसकट बंदीचा विषय दिल्ली परिसराचा, एमएच-०९ चा, म्हणजे कोल्हापूरचा नाही. खासगी गाडीचं आरसी १५ वर्षांनी संपतं, तपासणी करून पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. मोटारीला १ एप्रिल २०२२ पासून फी ५,००० रुपये आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनं २० वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर महिन्याला ५०० रुपये दंड चढतो, म्हणून मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करा. जाताना विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी नंबरप्लेट असू द्या, आणि हँडब्रेक व चारही इंडिकेटर आदल्या दिवशी तपासून ठेवा.