ती थाळी बिघडलेली नाही, ओरिबे आहे

तुम्ही विचारलंय की संग्रहालयातली ती जपानी चौकोनी थाळी भट्टीत बिघडली असेल का. कडा वाकड्या, हिरवा रंग एकाच कोपऱ्यात, बाकी पांढुरक्या अंगावर तपकिरी रेघोट्या. अजिबात नाही. वर्णनावरून ती ओरिबे धाटणीची दिसते, आणि त्यात हे सगळं ठरवून केलेलं असतं.

ही भांडी मिनो भागातली, म्हणजे आजच्या गिफू प्रांतातल्या तोकी-ताजिमी परिसरातली. सतराव्या शतकाची पहिली दोन-तीन दशकं हा त्यांचा बहराचा काळ. नाव पडलं ते चहागुरू, म्हणजे जपानी चहासमारंभाचे जाणकार, फुरुता ओरिबे यांच्यावरून. त्यांचे गुरू सेन नो रिक्यू यांना साधा, काळा, हाताने घडवलेला वाडगा प्रिय. शिष्याच्या नावाची भांडी मात्र रंगीत, तिरपी, खट्याळ. पुढे १६१५ मध्ये तोकुगावांच्या, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी घराण्याच्या, हुकमावरून ओरिबेंना सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावं लागलं.

आता थाळीकडे या. चौकोनी थाळ्या चाकावर होत नाहीत. साच्यावर कापड अंथरून त्यावर मातीची पोळी दाबत. काही थाळ्यांच्या आतल्या बाजूला त्या कापडाची वीण अजून उमटलेली दिसते, तिरप्या उजेडात नीट बघा. रेघोट्या लोहयुक्त रंगाच्या, त्यांच्यावर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप. हिरवा रंग तांब्याचा. तो भागच तेवढा ग्लेझमध्ये बुडवत किंवा त्यावर ग्लेझ ओतत. भट्टीत हवा खेळती असेल तरच तांबं हिरवं होतं. धुरकट, प्राणवायू कमी असलेल्या आचेत तेच लालसर होतं. म्हणजे तो हिरवा मिळवायला भट्टी सांभाळावी लागते. मिनोतल्या मोतोयाशिकी इथे त्यासाठी डोंगरउतारावरची, ओळीने कप्पे असलेली भट्टी होती.

मला सगळ्यात आवडते ती हिरवा आणि पांढरा भेटतात ती सीमारेषा. वितळलेलं ग्लेझ उताराकडे ओघळून थबकतं, जिथे साचतं तिथे गर्द होतं, आणि कुठे कुठे चित्राच्या रेघेवरही चढतं. तिथे दोन मिनिटं थांबा.

थाळी वापरायची कशी, हेही लक्षात घ्या. चहाच्या आधीच्या जेवणात भाजलेली मासळी वगैरे अशा थाळीत येई आणि पाहुणे ती एकमेकांकडे सरकवत. म्हणून काहींना वरून मातीचीच कडी असते. अन्न उचललं गेलं की खालचं चित्र उघडं पडतं.

पाटीवर मोमोयामा आणि एदो अशी जपानी इतिहासातल्या दोन्ही कालखंडांची नावं दिसली तर गोंधळू नका. १६१५ च्या आसपास एक काळ संपून दुसरा सुरू होतो, असं धरतात, आणि ही भांडी दोन्हीकडे पडतात.