धारोष्ण दूध आणि गर्भारपण

प्रश्न : मला चौथा महिना आहे. सासूबाई रोज गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून डोळ्यांदेखत धार काढलेले दूध आणून देतात. मटण आणि पपई मात्र वर्ज्य म्हणतात. हे योग्य आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंच्या मायेबद्दल शंका नाही, पण धारोष्ण दूध तूर्त थांबवावे. म्हैस निरोगी दिसली, कास स्वच्छ धुतलेली असली, तरी न तापवलेल्या दुधात लिस्टेरिया आणि ब्रुसेला हे जीवाणू असू शकतात. लिस्टेरियाची लागण आईला साध्या कणकणीसारखी वाटली, तरी ती वारेतून बाळापर्यंत पोहोचून गर्भपात किंवा अकाली प्रसूती घडवू शकते. तेच दूध घरी ढवळत उकळून, वर फेस चढल्यावरही थोडा वेळ मंद आचेवर ठेवून खुशाल प्यावे.

मटण बंद करण्याचे कारण नाही. ते हाडापासून सुटेपर्यंत शिजलेले असावे आणि उरलेला पांढरा रस्सा पुन्हा वाफाळेपर्यंत गरम करावा. कलेजी मात्र टाळावी, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्वाचे अतिप्रमाण गर्भाला घातक ठरते.

पपईबाबत सासूबाईंचे निम्मे म्हणणे रास्त आहे : चीक असलेली कच्ची किंवा अर्धकच्ची पपई नको, पूर्ण पिकलेली बेताने चालेल.