वाचकांचे प्रश्न : धुतल्यावर पाणी जाते कुठे?

प्रश्न : घरांच्या बाहेरच्या भिंती, छपरे आणि फरसबंदी धुऊन देण्याचा माझा व्यवसाय आहे. शेवाळ व काळी बुरशी काढण्यासाठी मी सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीचचे, द्रावण वापरतो. अलीकडे काही ग्राहक ‘पर्यावरणस्नेही’ रसायनाचा आग्रह धरू लागले आहेत. रसायन बदलले की माझी जबाबदारी संपते का?

उत्तर : संपत नाही. कॅनवर काय छापले आहे, यापेक्षा त्यातले द्रव भिंतीवरून उतरून कुठे पोहोचते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. मैलापाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या जिथे वेगळ्या असतात, तिथे रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातले पाणी सहसा कोणत्याही शुद्धीकरणाविना जवळच्या ओढ्याला किंवा नदीला मिळते. तेव्हा अंगणातून गटाराच्या जाळीकडे वाहणारा फेस तुम्ही स्वतः ओढ्याकाठी जाऊन ओतल्यासारखाच आहे. ‘जैवविघटनशील’ या शब्दावरही फार विसंबू नये, कारण साबणाचे विघटन व्हायला वेळ लागतो, ते करताना सूक्ष्मजीव पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि दरम्यान तोच साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करू शकतो.

तुमच्या द्रावणाचा हिशेब मांडून पाहा. भिंतीवर साधारण १ टक्का तीव्रतेचे हायपोक्लोराइट मारले, तर एका लिटरमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. गोड्या पाण्यातील जीवांना दीर्घकाळ सोसवेल अशी क्लोरीनची मर्यादा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लिटरला ११ मायक्रोग्रॅम धरली आहे. या दोन आकड्यांत जवळजवळ नऊ लाख पटींचे अंतर आहे. ऊन, माती आणि पालापाचोळा यांच्या संपर्कात हायपोक्लोराइट लवकर निष्प्रभ होते हे खरे. म्हणूनच हिरवळीवर पसरलेले थोडे, सौम्य पाणी आणि सरळ गटारात गेलेले तेच पाणी यांत फार मोठा फरक पडतो. अर्थात मातीत मागे मीठ उरते, त्यामुळे एकाच वाफ्यात वारंवार पाणी सोडू नये.

कामाची सुरुवात पाण्याने न करता ब्रशने करावी. सुकलेले शेवाळ खरवडून, झाडून, पिशवीत भरले की रसायनही कमी लागते आणि पाणीही. त्यानंतर भिंतीलगतची झाडे पानांपासून मुळांपर्यंत साध्या पाण्याने चिंब भिजवावीत, म्हणजे त्यांवर उडालेले द्रावण पातळ होते आणि आधीच भिजलेली माती ते कमी शोषते. काम संपल्यावर झाडे पुन्हा धुवावीत. गटाराची जाळी रबरी चटईने झाकून, उताराच्या बाजूला वाळू भरलेल्या लांबट पिशव्या लावून पाणी अडवता येते. अडवलेले पाणी ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने उचलून, सांडपाणी यंत्रणेची परवानगी घेऊन मैलापाण्याच्या वाहिनीत सोडावे. छपराचे काम असेल तर पन्हळीचा उभा नळ कुठे उतरतो हे आधी पाहावे. सगळे अंगण नीट झाकणारी माणसेही हा नळ विसरतात, आणि छपरावरचे सारे द्रावण त्यातूनच निघून जाते.

उरलेले क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट वापरता येते, मात्र मापानेच, कारण त्याचा अतिरेक पाण्यातला प्राणवायू कमी करतो. हायपोक्लोराइटच्या टाकीत आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. विटांवरचे क्षारांचे पांढरे डाग काढण्यासाठी आम्ल वापरायचे झाल्यास ते वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या पंपाने वापरावे.

ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या दरपत्रकात ‘पाणी कुठे अडवणार व कुठे सोडणार’ असा एक रकाना असावा, असे माझे मत आहे. ज्याला तो भरता येत नाही, त्याच्या ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : रसायन टाळून केवळ जोराच्या पाण्याने भिंत धुतली, तर निसर्गाला काहीच धोका नाही ना?

उत्तर : धोका कमी होतो, पण भिंतीवर जे होते ते पाण्याबरोबर वाहतेच. जुन्या घरांच्या रंगात शिसे असू शकते. तिथे प्रेशर वॉशरचा झोत रंगाचे पापुद्रे आणि कण अंगणभर उडवतो, आणि त्याच मातीत मुले खेळतात. म्हणून रंग सुटत असेल तर आधी शिशाची तपासणी करून घ्यावी आणि शिसे आढळल्यास झोत मुळीच वापरू नये. अति दाबाने विटांच्या सांध्यांमधला चुना-सिमेंट निघतो, पाणी भिंतीच्या आत शिरते आणि दुरुस्तीसाठी नवे साहित्य लागते, तोही पर्यावरणावरचाच भार आहे. सावलीतल्या भिंतीवरचा हिरवट थर नुसता दिसायला नको असेल आणि भिंत कोरडी व शाबूत असेल, तर ती या वर्षी न धुणे हा पर्यायही ग्राहकासमोर ठेवावा.