ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे जमले, तरी वर किती लागतील?

प्रश्न: ताई, आम्ही देवगडचे, घरची हापूसची बाग आहे. मुलीला जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत मास्टर्सला अॅडमिशन मिळालंय, ट्यूशन फी नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी तिच्या वर्षभराच्या खर्चाचे आधीच भरून दाखवायचे, 11,904 युरो आंब्याचे पैसे आणि एफडी मोडून उभे केलेत. आता तिची सीनियर म्हणते वर बरेच लागतात. नेमके कशाला? आणि ते पुढच्या सीझनला पाठवले तर चालेल का?
– एक बागायतदार

उत्तर: दादा, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन! सीनियर बरोबर सांगतेय. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तुमचेच, पण ते एकदम हातात येत नाहीत, महिन्याला 992 युरोच सुटतात आणि तेही ती तिकडे पोचून बँकेत खातं उघडल्यावर. खातं उघडायला बऱ्याच बँका पत्त्याची नोंदणी मागतात, नोंदणीला घरमालकाचा कागद लागतो आणि घर म्हटलं की डिपॉझिट आलंच. म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यात जास्त खर्च त्याच महिन्यात हात रिकामा, आणि घरोघरी हिशोब चुकतो तो इथेच.

डिपॉझिट तिथल्या कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकं, तेही लाइट-हीटिंग सोडून. समजा खोली 400 युरोची, तर 1,200 डिपॉझिट, वर पहिल्या महिन्याचं भाडं. युनिव्हर्सिटीची सेमिस्टर फी असते, ट्यूशन फी नसली तरी ही भरावीच लागते, बऱ्याच ठिकाणी 100 ते 350 युरोच्या मधे. हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा, महिना साधारण दीडशे युरो धरा. रेसिडन्स परमिटचे 100 च्या आसपास. घरटी रेडिओ-टीव्हीची वर्गणी 18.36 युरो महिना, टीव्ही नसला तरी द्यावीच लागते, शेअरिंगमधे राहिली तर वाटून जाते. थंडीचं जॅकेट आणि बूट तिकडेच घेऊ दे, आपल्याकडे मिळणारं तिथे पुरत नाही. माझं स्पष्ट मत, 2,500 युरो वेगळे ठेवा, काही फॉरेक्स कार्डवर, थोडे रोख, आणि ते ब्लॉक्डच्या हिशोबात अजिबात धरू नका.

इकडचे खर्च पण लिहून काढा. एपीएसचे, म्हणजे आपली डिग्री तपासून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचे, 18,000 रुपये भरून झाले असतील, व्हिसाचे 75 युरो, तिकीट, आणि व्हिसासाठी मुंबईच्या फेऱ्या, दोघं गेलात तर तिथे राहण्याचा खर्च वेगळा. सामानात साजूक तूप आणि पेढे भरू नका हो, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, मसाला आणि कोकम बिनधास्त द्या.

आता पाठवण्याचं. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर 10 लाखांच्या वर परदेशी पाठवलेत की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. युरो 100 रुपये धरला तरी ब्लॉक्डचेच जवळजवळ 12 लाख होतात. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर पैसे अडकतात, तेव्हा थोडे तुमच्या पॅनवर थोडे वहिनींच्या पॅनवर पाठवता येतील का ते सीएला विचारा. फॉर्मवर कारण शिक्षण हेच लिहा. आणि रक्कम थोडी जास्तच पाठवा, मधल्या बँका चार्जेस कापतात आणि काही युरो जरी कमी पोचले तरी ब्लॉक्ड अकाउंटमधे पैसे जमा झाल्याचं कन्फर्मेशन अडतं.

पुढच्या सीझनवर पहिल्या महिन्याचा खर्च ढकलू नका, आंब्याचे पैसे एप्रिल-मेनंतर येणार आणि तिला लागणार ऑक्टोबरमधे. हां, परमिट वाढवताना दुसऱ्या वर्षाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात, त्याला सीझनचे पैसे वेळेत येऊ शकतील, पण मोहोरावर अवकाळी पडला तर काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून एज्युकेशन लोन आत्ताच मंजूर करून ठेवा, व्याज जेवढं उचलाल तेवढ्यावरच लागतं आणि त्या पैशाला टीसीएस पण नाही. फक्त एक, बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत आणि आपल्याकडे सातबाऱ्यावर काका-आत्या सगळ्यांची नावं असतात, त्यामुळे बाग दाखवून भागेल असं धरून चालू नका, घराचे किंवा एनए प्लॉटचे कागद घेऊन आधी ब्रँच मॅनेजरला भेटा, आणि हे गणपतीच्या आत उरका.