चिठ्ठीने ठरणाऱ्या बायपासच्या अभ्यासात सही करावी का?

प्रश्न : "माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. तीन धमन्यांत ब्लॉकेज असल्यामुळे पुण्यातील एका रुग्णालयाने बायपास सांगितली आहे. दुसरा ग्राफ्ट (ब्लॉकेजच्या पुढे रक्त नेण्यासाठी जोडलेली रक्तवाहिनी) पायाच्या शिरेचा घ्यायचा की हाताच्या धमनीचा, हे चिठ्ठीने ठरवणारा एक अभ्यास तेथे चालू आहे आणि त्यात सहभागी होण्याबद्दल आम्हाला विचारले आहे. सही करावी का? वडिलांवर प्रयोग तर होणार नाही ना?"

उत्तर :

माझे मत आधीच सांगतो. अभ्यास रीतसर नोंदलेला असेल तर सही करावी. मी डॉक्टर नाही. २००८ साली अशाच एका कागदावर मी स्वतः रुग्ण म्हणून सही केली होती, आणि त्याआधी ३१ वर्षे शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या शेतावर क्षेत्र सहायक म्हणून चिठ्ठ्या टाकून वाफे आखण्याचे काम केले होते. तुमच्या प्रश्नातील "प्रयोग" हा शब्द माझ्या घरातही उच्चारला गेला होता आणि त्यावरून एक नाते तीन वर्षे जवळजवळ तुटलेले होते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे.

२००८ च्या मे महिन्यात पर्वती चढताना निम्म्या पायऱ्यांवर छातीत आवळल्यासारखे होऊ लागले. दोन मिनिटे थांबले की बरे वाटायचे, त्यामुळे महिनाभर मी ते कोणाला सांगितले नाही. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य धमन्या अरुंद झालेल्या दिसल्या आणि सर्जननी बायपास सांगितली. दुसऱ्या दिवशी संशोधन विभागातील एक तरुण बाई सात पानांचे मराठी माहितीपत्रक घेऊन माझ्या खाटेशी आल्या. हृदय थांबवून, शरीरात रक्त फिरवत ठेवणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या, म्हणजे त्यांच्या बोलण्यात "पंपाच्या", आधारावर बायपास करणे चांगले, की हृदय धडधडत असतानाच ती करणे चांगले, असा त्या अभ्यासाचा प्रश्न होता. दोन्ही पद्धती तेथे नेहमी होत होत्या आणि दोन्हींत त्या सर्जनचा हात बसलेला होता. कोणत्या रुग्णाला कोणती, एवढेच संगणकाच्या चिठ्ठीने ठरणार होते. मी त्यांना तीन प्रश्न विचारले. मधूनच नाही म्हणता येईल का, नाही म्हटल्यास उपचारात काही कमी पडेल का, आणि शस्त्रक्रिया चालू असताना दुसरी पद्धत अधिक सुरक्षित वाटली तरी डॉक्टर चिठ्ठीला बांधलेले राहतील का. पहिल्याचे उत्तर "हो" आणि उरलेल्या दोन्हींचे "नाही" असे मिळाले, आणि तिन्ही उत्तरे त्या पत्रकात छापलेलीही होती. मी सही केली.

संध्याकाळी माझे धाकटे मेहुणे भेटायला आले. पिंपरीच्या एका कारखान्यात ते गुणवत्ता विभागात अधिकारी होते, माणूस हुशार आणि बहिणीवर जीव असलेला. कागद पाहताच ते म्हणाले, "दाजी, आमच्याकडे पार्ट नापास झाला तर आम्ही दुसरा बसवतो. तुम्ही नापास झालात तर ताईने काय करायचे? देवाला कौल लावतात तसे तुमचे ऑपरेशन ठरणार?" धडधडत्या हृदयावरची शस्त्रक्रिया आधुनिक असते आणि पंपाची पद्धत मागे पडत चालली आहे, असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. चिठ्ठीत मला पंप आला. मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून माझ्या पत्नीशी तासभर भांडले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली, परंतु पायातून शीर काढली होती तेथील जखम गुडघ्याखाली चिघळली आणि पाच आठवडे ड्रेसिंग चालले. मेहुण्यांनी त्याचा दोष अभ्यासाला दिला. शीर काढणे दोन्ही गटांत सारखेच होते, पंपाचा आणि त्या जखमेचा काही संबंध नव्हता, हे मी त्यांना सांगितले. ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पुढे घरातील एका मुंजीत, पंगत बसलेली असताना, ते चार माणसांदेखत म्हणाले की दाजींनी स्वतःला प्रयोगशाळेतला उंदीर करून घेतले. त्यानंतर तीन वर्षे आमचे बोलणे कामापुरतेच राहिले.

त्या पंगतीत मला जे सांगता आले नाही ते येथे लिहितो. शेतावर गव्हाचे नवे वाण आले की ते कोणत्या वाफ्यात पेरायचे हे आम्ही ठरवत नसू. पाटाजवळची जमीन ओली असते, बांधाकडची मुरमाड असते, आणि वाण नवे आहे म्हटल्यावर पाणी देणारा गडीसुद्धा त्याच्याकडे थोडे अधिक लक्ष देतो. आपण निवड केली तर नकळत चांगली जमीन आवडत्या वाणाला जाते, मग पीक चांगले आले तर ते वाणामुळे की जमिनीमुळे, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून चिठ्ठी. ही रीत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेतांवर पक्की केली, आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधील चाचणीपासून ती वैद्यकात रुजली. डॉक्टरही नकळत तब्येतीने बरा असलेला रुग्ण आपल्या आवडत्या शस्त्रक्रियेसाठी निवडतात. "माणूस म्हणजे वाफा नाही" असे मेहुणे म्हणत, आणि ते खरेच आहे; म्हणूनच वाफ्याला कोणी विचारत नाही आणि माणसाची सही घ्यावी लागते.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत अशी चाचणी न करण्याची किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. छातीच्या हाडामागून दोन्ही बाजूंनी इंटर्नल मॅमरी नावाच्या धमन्या खाली जातात. त्या बांधून टाकल्या की रक्त हृदयाकडे वळेल, अशा समजुतीने १९५० च्या दशकात कितीतरी रुग्णांच्या त्या बांधल्या गेल्या, आणि रुग्ण छातीतली कळ कमी झाल्याचे सांगतही होते. मग अमेरिकेत लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ रुग्णांवर तपासणी केली : काहींच्या धमन्या बांधल्या, इतरांना केवळ त्वचेवर छेद दिला. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले आणि ती शस्त्रक्रिया बंद पडली. त्या रुग्णांना खोट्या छेदाची कल्पना दिलेली नव्हती, हे मात्र चुकीचेच होते आणि आज ते चालणार नाही. पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वासिली कोलेसोव्ह यांनी १९६४ साली लेनिनग्राडमध्ये हीच धमनी बांधून न टाकता थेट हृदयाच्या धमनीला जोडली. १९६७ मध्ये क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी पायाच्या शिरेने बायपास सुरू केली आणि ती जगभर पसरली. मग १९८६ साली क्लीव्हलँडहूनच दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यात मॅमरी धमनी लावलेले रुग्ण केवळ पायाच्या शिरा लावलेल्यांपेक्षा अधिक जगलेले दिसले. आज तुमच्या वडिलांना पहिला ग्राफ्ट डाव्या मॅमरीचाच लावतील. एकच धमनी आधी निरुपयोगीपणे बांधली गेली आणि नंतर सर्वांत विश्वासू ठरली. तिच्यात बदल झाला नव्हता, तपासून पाहण्याच्या रीतीत झाला होता.

तुमच्या वडिलांना स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, न सांगता बायपास का सांगितली, याचे उत्तरही चिठ्ठीतूनच आलेले आहे. "फ्रीडम" नावाच्या अभ्यासात अनेक धमन्यांत ब्लॉकेज असलेल्या १,९०० मधुमेही रुग्णांना चिठ्ठीने स्टेंट किंवा बायपास मिळाली. २०१२ साली निकाल आला : पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडल्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के आणि बायपासच्या गटात १८.७ टक्के. पक्षाघात मात्र बायपासनंतर थोडे अधिक झाले, हेही डॉक्टरांना विचारून घ्या. त्या १,९०० जणांच्या घरी कोणी ना कोणी तुमच्यासारखाच प्रश्न विचारला असेल. त्यांनी सह्या केल्या, म्हणून तुमच्या वडिलांना आज अंदाजावर उपचार घ्यावे लागत नाहीत.

माझ्या विषयाचे काय झाले, तेही सांगतो. मी होतो तो अभ्यास लहान होता. त्याच प्रश्नावरचा मोठा अभ्यास, "कॉरोनरी" नावाचा, १९ देशांतील ४,७५२ रुग्णांवर झाला आणि त्याचे निकाल २०१२ पासून येत गेले. धडधडत्या हृदयावर शस्त्रक्रिया केलेल्यांना रक्त कमी द्यावे लागले, पण पहिल्या महिन्यात पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करण्याची वेळ त्यांच्यापैकी थोड्या अधिक जणांवर आली. पाच वर्षांअखेर मृत्यू, झटका, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया यांचा एकत्रित हिशेब दोन्ही गटांत जवळजवळ सारखा निघाला. अमेरिकेतील माजी सैनिकांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात तर पंपाचा गट पुढे राहिला. मी हे मेहुण्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "फरकच नाही ना? मग उपयोग काय झाला?" त्यांच्या कारखान्यात दोन पुरवठादारांचे पोलाद सारखेच निघाले, तर तो अहवाल ते निरुपयोगी म्हणून फेकून देत नसत. फरक नाही, हे कळल्यामुळेच सर्जन आज ज्या पद्धतीत हात बसला आहे ती निश्चिंतपणे वापरू शकतो, आणि "आधुनिक" या एका शब्दापायी कोणाच्या घरात भांडण होण्याचे कारण उरत नाही.

आता तुमच्या अभ्यासाकडे येतो. पायाच्या शिरा कालांतराने बंद पडतात. दहा वर्षांत त्यांतील निम्म्याच्या आसपास बंद किंवा खराब झालेल्या आढळतात, मॅमरी धमनी मात्र बहुतेकांची उघडी राहते. हाताच्या, म्हणजे रेडियल धमनीबद्दल २०१८ साली सहा अभ्यासांतील १,०३६ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पाच वर्षांनी ती पायाच्या शिरेपेक्षा अधिक उघडी आढळली आणि पुन्हा झटका येण्याचे प्रमाणही कमी दिसले. त्यामुळे माझ्या मते पहिला प्रश्न हा विचारावा : "एवढे माहीत असताना तुमच्या अभ्यासाला अजून नेमके काय शोधायचे आहे?" उत्तर प्रामाणिक असेल तर ते दोन मिनिटांत मिळेल. त्याबरोबर हेही पाहा की वडिलांची अँजिओग्राफी मनगटातून झाली होती का, कारण त्या हाताची धमनी सहसा पुन्हा वापरत नाहीत. मधुमेहामुळे मूत्रपिंडे कमजोर असतील आणि पुढे डायलिसिसची शक्यता असेल, तर मनगटाची धमनी फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरिता हातात करायच्या धमनी-शिरेच्या जोडासाठी, राखून ठेवावी लागते. ज्या धमनीत ब्लॉकेज फारसे तीव्र नाही तिला रेडियल जोडली तर ती आकसून निकामी होऊ शकते. यांपैकी काहीही लागू पडत असेल, तर चिठ्ठीत वडिलांचे नाव जायलाच नको, आणि चांगला अभ्यास अशा रुग्णाला स्वतःहूनच वगळतो.

तुमची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या, आणि २०१३ पासून नुकसानभरपाईचे नियम कडक झाले ते त्यानंतरच. आज औषधांसाठी २०१९ चे नियम आहेत आणि शस्त्रक्रियेच्या अशा तुलनांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नीतितत्त्वे लागू होतात. अभ्यासाचा सीटीआरआय, म्हणजे देशातील चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतील, नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः शोधून पाहा. अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या सचिवांचा दूरध्वनी क्रमांक माहितीपत्रकात असतो, तेथे फोन करा. अभ्यासामुळे इजा झाल्यास खर्च कोण करणार, हे लेखी नसेल तर सही करू नका. अभ्यासापोटी जादा तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून मागितले, तरीही करू नका. आणि विचार करायला एक रात्रसुद्धा न देता कोणी घाई करत असेल, तर माझे वरचे सगळे म्हणणे बाजूला ठेवून सरळ नाही म्हणा.

एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नात खटकली. "आम्हाला विचारले आहे" असे तुम्ही लिहिले आहे. वडिलांना काय वाटते, ते त्यात कोठेच नाही. माझे मेहुणे त्या संध्याकाळी तासभर माझ्या पत्नीशी बोलले, आणि मी आत खाटेवर जागा होतो. मला कोणी काही विचारले असते तर मी त्यांना पाटाजवळच्या वाफ्याबद्दल सांगितले असते, कदाचित ती तीन वर्षे वाचलीही असती. ते माहितीपत्रक आज वडिलांच्या हातात द्या, त्यांचा चष्मा जवळ ठेवा आणि त्यांचे वाचून होईपर्यंत तुम्ही खोलीबाहेर थांबा.