भूक गप्प आहे तोवर

चि. सौभाग्यकांक्षिणी वगैरे लिहीत नाही, तुला आवडत नाही. नुसतेच अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हॉइस नोट्स सगळ्या ऐकल्या. पोळी घशाखाली उतरत नाही, वजनाचा काटा दहा दिवस जागचा हललेला नाही, आई रोज आमरसाची वाटी पुढे करते आणि वर 'ऑपरेशनचं कुणाजवळ बोलू नकोस' म्हणून बजावते. फोनवर बोलले असते, पण तू नोकरीच्या गडबडीत अर्धं ऐकशील आणि अर्धं विसरशील. म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. आपलं दोघींचं ऑपरेशन वजन उतरवण्याचंच, पण माझा बायपास झाला (जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडतात), तुझी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढतात). दोन्हींत फरक आहेत, ते जिथे महत्त्वाचे तिथे सांगेन. औषधांचं मात्र तुझ्या सर्जनला आणि आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही.

काट्याचं आधी उरकते. पहिल्या दिवसांत जे भराभर उतरलं त्यात पाण्याचा वाटा मोठा होता. शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. पुढे मधूनमधून काटा अडतो, जवळजवळ सगळ्यांचाच अडतो, आणि आपणहून सुटतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, एवढंच वजन करायचं. रोज काट्यावर चढणारी माणसं रोज रडतात, मी पाहिली आहेत.

आता खरं बोलायचं ते भुकेबद्दल. 'मावशी, भूकच लागत नाही, किती छान' असं तू हसत म्हणालीस. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. त्यात वरचा फुगीर भाग जातो, आणि भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक बरंचसं तिथेच तयार होतं. म्हणून सध्या पोटातून हाक येत नाही. पण ही शांतता कायमची समजू नकोस. वर्ष-दीड वर्षात भूक हळूहळू परत येते, जठरही थोडं सैलावतं. वजन सर्वांत खाली जातं तेही साधारण याच सुमारास. तेव्हा जे टिकतं ते आत्ता लावून घेतलेल्या सवयींवर टिकतं. भूक परतल्यावर नव्याने शिस्त लावणं किती अवघड असतं हे तुला सांगायला नको, ऑपरेशनआधी आपण दोघी तेच तर करत होतो आणि हरत होतो.

सवय म्हणजे काय, तर मुख्यतः ताटातला क्रम. आपलं पान मांडलं की पहिला वरणभात, मग पोळीभाजी, आणि शेवटी पोट भरल्यावर दही. हे सगळं उलटं करायचं. तुला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि पोटात जागा आहे अर्ध्या-पाऊण वाटीची. तुमच्या घरात अंडंही चालत नाही, म्हणजे हिशेब आणखी आवळलेला. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, कपभर दुधात तेवढेच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. आमटी पातळ असेल तर तिच्यात प्रथिनं कमी आणि फोडणीच जास्त. त्यामुळे आधी पनीर, टोफू, सोयाबीनच्या वड्या, टांगून घट्ट केलेला चक्का (साखर न घालता), मोड आलेल्या मुगाचं मऊ धिरडं. मग दोन घास भाजी. जागा उरली तर धान्य. उरली नाही तर नाही. आणि प्रोटीन पावडरला आई 'डबेवालं खाणं' म्हणून नाकं मुरडते, तिला सांग की डब्यातल्या एका मापात (स्कूपमध्ये) वीस-पंचवीस ग्रॅम येतात आणि तितके वरणातून मिळवायचे तर चार वाट्या लागतील. कुठे मावणार आहेत त्या?

पोळी अडकते त्यात तुझा दोष नाही. ताजी मऊ पोळी चावली की तिचा चिकट गोळा होतो आणि तो खाली सरकत नाही. भाताचंही अनेकांना तसंच होतं. पोळीपेक्षा आमटीत कुस्करलेली भाकरी किंवा कुरकुरीत खाकरा बऱ्याच जणांना सोसतो. नाहीतर महिनाभर पोळी सोडून दे आणि मग पुन्हा करून बघ. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बाकी दिवसभर बाटली जवळ ठेवून घोट घोट. पाणी राहून गेलं तर चक्कर येईल, बद्धकोष्ठ होईल आणि तू ते 'अशक्तपणा' समजून काहीतरी गोड खाशील.

पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी येत नाही. मला उचकी लागते. कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला एक मोठा सुस्कारा येतो. तुझी खूण कोणती ते नीट बघ. ती आली की चमचा खाली. आणि इथेच आपल्या घरांतली सर्वांत जुनी शिकवण आडवी येते: पानात टाकायचं नाही. एक घास उरलाय, तो टाकवत नाही, म्हणून आपण खातो आणि तोच घास उलटून येतो. उपाय साधा आहे, पान वाढून घ्यायचंच नाही. चहाची बशी घे, लहान चमचा घे आणि स्वतःच्या हाताने वाढून घे. उरलं तर झाकून फ्रिजमध्ये. आजीला वाईट वाटेल, वाटू दे.

पंगतीत वेगळी युक्ती लागते. रिकामं पान दिसलं की वाढपी धावत येतात आणि 'माझी शपथ' सुरू होतं. म्हणून पान कधी रिकामं होऊ द्यायचं नाही. कोशिंबीर, थोडी भाजी तशीच राहू द्यायची, गप्पा मारत चिवडत बसायचं. मेच्या लग्नसराईत मी हेच करते आणि अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आमरसाचं सांगते. बायपासवाल्यांना त्याचा फटका जोराचा बसतो, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका काकांना अक्षय्य तृतीयेला घरच्यांनी वाटीभर रस दिला. वीसेक मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा. घरच्यांना वाटलं हार्ट अटॅक. तो डंपिंगचा त्रास होता: गोड पातळ पदार्थ जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतो आणि शरीर गडबडतं. पडून राहिल्यावर तासाभरात बरे झाले. काहींना हे उशिराने, एक ते तीन तासांनी होतं, तेव्हा रक्तातली साखर खाली गेलेली असते. आंबा खायचाच असेल तर रस नको, जेवणाच्या शेवटी दोन फोडी, चावून.

पण मला आमरसाची इतकी भीती नाही, कारण तो त्रास देतो आणि आठवण राहते. मला भीती चिवड्याची आहे. शेव, बाकरवडी, चिवडा, बिस्किटं तोंडात विरघळतात, कुठेही अडकत नाहीत, उलटी होत नाही. पनीरचे चार तुकडे खाल्ले की पोट तुडुंब, आणि संगणकासमोर बसून पाव किलो फरसाण कधी संपलं कळतही नाही. दोन-तीन वर्षांनी वजन परत चढलेल्यांपैकी ज्यांना मी ओळखते, त्यांच्यातले बरेच जण जेवण अगदी मोजून जेवतात आणि दिवसभर असलं काहीतरी चघळत असतात. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय आहे, खरं सांग.

आषाढीला आई साबुदाण्याची खिचडी करेलच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. पुढे श्रावण येतो. मला विचारशील तर या वर्षी उपास करू नकोस. अगदीच करायचा असेल तर दूध, दही, पनीर आणि थोडं दाण्याचं कूट यावर कर. विठोबा रागावणार नाही.

त्याच सुमारास, म्हणजे ऑपरेशनला तीन-चार महिने होताना, केस गळायला लागतील. न्हाणीच्या जाळीत गुंता दिसेल आणि तू रडत फोन करशील. वजन झपाट्याने उतरलं की असं होतं. सहसा काही महिन्यांत थांबतं आणि केस परत येतात. तेल लाव, बरं वाटेल, पण उपयोग होतो तो प्रथिनांचा आणि लोहाचा. जाहिरातीतल्या बाटल्यांवर पैसे घालू नकोस. खूप दिवस थांबलंच नाही तर रक्त तपासून घ्यायचं.

गोळ्या मात्र जन्मभराच्या. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन. आपण शाकाहारी, बी-१२ आधीच काठावर असतं, आणि जठर कापल्यावर ते शोषून घेणं आणखी कठीण होतं. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं लिहून दिलं असेल, कारण त्याला आम्ल फारसं लागत नाही. केमिस्टने 'तेच आहे ताई' म्हणून कार्बोनेट दिलं तर परत कर. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतलीस तर ती घेतल्यात जमा नाही. सर्जननी पित्ताच्या खड्यांसाठी गोळी दिली असेल तर तीही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घे, वजन वेगाने उतरताना खडे होतात. पाळीत पोट दुखलं म्हणून आईच्या डब्यातली दुखण्याची गोळी उचलू नकोस. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मला कायमच्या बंद आहेत, जठरात अल्सर होतो. तूही सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. पॅरासिटामॉल चालते.

हे पुढचं आईला वाचून दाखव. सतत उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर 'अशक्तपणा आलाय, जरा सलाईन लावून घेऊ' म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जायचं नाही. उलट्यांनी बी-१ म्हणजे थायमिन संपतं, आणि तशात थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांना दोन दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं ही धोक्याची लक्षणं आहेत. थेट मोठ्या रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं: बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याचं, ऑपरेशन झालंय, आधी थायमिन. तुझं ऑपरेशन सांगायचं नाही हे आईचं धोरण निदान तिथे तरी बाजूला ठेवा. पर्समध्ये एक चिठ्ठीही ठेव, कोणतं ऑपरेशन, कधी, सर्जनचा नंबर.

आणि आता त्या न सांगण्याबद्दल. शेजारच्या काकूंना, ऑफिसातल्या कुणाला, आत्याच्या नणंदेला काही सांगायला तू बांधील नाहीस. 'डाएट करतेय' म्हण, ते खोटंही नाही. नितीन गडकरींनीही वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल उघड बोलले. त्यामुळे बऱ्याच घरांत विषय निघू शकला हे खरं. पण नेत्याला स्थळं बघायची नसतात.

लग्न ठरवताना मात्र ज्या मुलाशी बोलणं पुढे जाईल त्याला सांगायचं, आणि साखरपुड्याच्या आधी. पोटावरचे चार-पाच लहान व्रण, बशीतलं जेवण, रोजच्या गोळ्या, हे एका घरात राहून लपत नाही. शिवाय बाळाचा प्रश्न आहे. ऑपरेशननंतर निदान १२ ते १८ महिने गर्भ राहू द्यायचा नाही, तुझ्या आणि बाळाच्या पोषणासाठी. तुला पीसीओएस (बीजकोशांचा, संप्रेरकांचा त्रास) आहे, पाळी अनियमित, म्हणून तू निर्धास्त असशील. तसं राहू नकोस. वजन उतरलं की पाळी सुरळीत होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात. स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोल, कोणतं साधन तुला योग्य ते त्या सांगतील. पुढे कधी दिवस राहिले की ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी सांगतात, तेव्हाही ऑपरेशनचं सांगायचं. ते पाणी आपल्याला डंपिंग करू शकतं, दुसऱ्या पद्धतीने तपासता येतं.

आईशी भांडू नकोस. तिला भीती तुझी नाही, लोकांची आहे. तिला पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे घेऊन जा, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकलं की पटेल. माझ्या तोंडून पटणार नाही, आम्ही एका काउंटरवर वीस वर्षं शेजारी बसून काम केलं आहे.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण आवाजात होती. संध्याकाळी घरी आल्यावर काय करायचं कळत नाही, असं वाटतं ना? पूर्वी साहेब ओरडले की वडापाव होता, कंटाळा आला की भेळ होती. तो आधार गेला आणि मन तिथेच उभं आहे. हे होतं. काही जण त्या जागी दारू आणून बसवतात. ऑपरेशननंतर ती फार लवकर चढते आणि सवयही लवकर लागते, म्हणून ऑफिसच्या पार्टीतही नको. तुझ्या सर्जनच्या टीममध्ये समुपदेशक असतील तर भेट. उदास वाटणं आठवडेच्या आठवडे टिकलं तर नक्की भेट. आणि संध्याकाळची ती वेळ चालण्याला दे, सर्जननी परवानगी दिली की थोडी वजनंही उचल, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील. कपडे सध्या विकत घेऊ नकोस, शिंप्याकडून आवळून घे. कातडी लोंबेल थोडी, त्यावर क्रीमचा उपयोग नाही. काही करायचंच तर वजन स्थिरावल्यावर, दीडेक वर्षाने, बघता येईल.

तीन महिन्यांची रक्ततपासणी जूनमध्ये येईल. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) एवढं यादीत आहे का बघ, नसेल तर विचार. रिपोर्टचा फोटो मला पाठव, आणि फेरिटिनचा आकडा कापून पाठवू नकोस, मागच्या वेळेसारखा.

तुझी,
मावशी