सोलर थंड आहेच, पण तक्रारीची मुदतही संपत आलीय

इंदुरात थंडी पडू लागली की सोलरच्या तक्रारींची पत्रं येतात. हे उत्तर लोकमान्य नगरच्या एका वाचकांना आहे, पण त्यांच्यासारखे बरेच आहेत. त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये गच्चीवर पाणी तापवणारं २०० लिटरचं सोलर बसवलं. किंमत ४२ हजार, वॉरंटी पाच वर्षांची. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पाणी जेमतेम कोमट, आणि घरात आई आजारी. ९ जानेवारी २०२४ ला कंपनीचा मेल आला की पाण्यात क्षार जास्त आहेत, नळ्यांत थर साचलाय, हे वॉरंटीत बसत नाही. पुढे दीड वर्ष डीलरला फोन, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वकिलाची नोटीस. तिला उत्तर नाही. आता डिसेंबरात ते विचारतात, "नोटिशीपासून दोन वर्षं, म्हणजे २०२७ पर्यंत वेळ आहे ना?"

नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या बाबतीत ते कारण म्हणजे कंपनीचा नकार, आणि तो लेखी, तारखेसकट तुमच्याकडेच आहे. नंतरच्या फोनांनी आणि नोटिशीने मुदत नव्याने सुरू होत नाही. समोरचा पक्ष गप्प बसला तरी मुदतीचा प्रश्न ग्राहक आयोगाला स्वतःहून तपासावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चर इंडस्ट्रीज या प्रकरणात, जुन्या कायद्याच्या अशाच तरतुदीबद्दल हे स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा ९ जानेवारी २०२६ च्या आधी दाखल करा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

मेल आला त्याच आठवड्यात तुम्ही वकिलाकडे जायला हवं होतं. डीलर गोड बोलतो म्हणून लोक दोन-दोन वर्षं घालवतात आणि आमच्याकडे येतात तेव्हा हातात मोजकेच दिवस उरलेले असतात. याचा मला खरोखर त्रास होतो, कारण अशा प्रकरणांत बाजू खरी असूनही ती ऐकलीच जात नाही.

कंपनी कदाचित म्हणेल की दोष नोव्हेंबर २०२३ लाच दिसला, मुदत तेव्हाच सुरू झाली. माझ्या मते वॉरंटीखाली दुरुस्ती नाकारली तेव्हाच कारण घडलं. तरी खबरदारी म्हणून तक्रारीबरोबरच विलंबमाफीचा अर्ज जोडा. त्यात "डीलर आश्वासन देत होता" एवढं पुरणार नाही. कोणत्या तारखेला कोणी काय कबूल केलं, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांसकट लिहा.

क्षारांच्या मुद्द्यावर मी ठाम बोलणार नाही. घरात नर्मदेचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात बोरिंग चालते, असं तुम्ही लिहिलंय. तक्रारीतही तसंच लिहा, बोरिंग लपवू नका. कंपनीने पाणी कधी तपासलं, त्याचा अहवाल कुठे आहे, हे विचारा. कलम ३८ खाली आयोग प्रयोगशाळेत तपासणीसाठी नमुना पाठवू शकतो, तशी मागणी करा. क्षारांची अट विक्रीआधी दाखवलीच नव्हती, हा मुद्दाही घ्या. मात्र "करारच अन्यायकारक आहे" असा दावा जिल्हा आयोगात करू नका, तो अधिकार राज्य आयोगाचा.

त्याआधी एक तपासणी करून घ्या, नाहीतर कंपनी दोष तुमच्या प्लंबिंगवर ढकलेल. सोलरकडे जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. थोड्या वेळाने धार थांबायला हवी. थांबली नाही तर बहुधा एखाद्या बाथरूमच्या मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत शिरतंय, आणि मग सोलर निर्दोष असू शकतं. प्लंबरकडून निष्कर्ष तारीख घालून लिहून, सही करून घ्या.

तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तुम्ही इंदुरात राहता, एवढ्यावर इथल्या जिल्हा आयोगाला अधिकार मिळतो. डीलर आणि उत्पादक, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. कायद्यात निकालाला तीन महिने सांगितलेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि आजारी आईला कोमट पाण्यावर ठेवणाऱ्या घराकडून इतका धीर मागणं मला अन्यायाचंच वाटतं.

म्हणून बाथरूमसाठी साधा गीझर घ्या आणि त्याचं बिल नुकसानभरपाईच्या मागणीत जोडा. डीलर आता "जुनं द्या, नवं घ्या" म्हणू शकतो. तपासणी होईपर्यंत संच गच्चीवरून हलवू देऊ नका, नळ्याही स्वच्छ करून घेऊ नका. साचलेला थर हाच पुरावा आहे, मग तो कोणाच्या बाजूने निघो.